झऱ्याची टाइमस्टँप

१ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालमध्ये लिस्बन कोसळत होतं. त्याच दिवशी सुमारे २,२०० किलोमीटर दूर, बोहेमियातल्या तेप्लित्से गावातला गरम पाण्याचा झरा गढूळ झाला, जरा वेळ थांबला आणि मग तांबूस पाणी उसळून वर आलं. नोंदलेली वेळ : अकरा ते बारा.

योगायोग? बग शोधताना मी आधी घड्याळं जुळवतो. इथेही तेच केलं. लिस्बनचा धक्का साधारण ९:४०चा. रेखांशांतला फरक २३ अंश, म्हणजे दीड तास. लाटांच्या प्रवासाला दहा-बारा मिनिटं. बेरीज सव्वाअकरा ते साडेअकराच्या मधे. जुळलं!

१७५६मध्ये कांटनेही या झऱ्याबद्दल लिहिलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा, माझ्याहून थोडाच मोठा. जमिनीखालच्या पोकळ्यांत वायू पेटतात, असं त्याचं म्हणणं. ते चुकलं. भूकंपलाटा खडकाला दाबतात, सैल करतात. भेगांतला गाळ हलतो आणि अडलेलं पाणी, वायू वाट काढतात. १९६४च्या अलास्का भूकंपाने तर हजारो किलोमीटरवरच्या विहिरींची पातळी हलवली.

कांटचं उत्तर मोडीत निघालं. वेळ लिहून ठेवणाऱ्याची नोंद मात्र अजून कामाला येते. लॉग लिहायचा कंटाळा आला की मला तो आठवतो.