मराठवाड्यातील कॅमेरा ट्रॅप

कॅमेरा ट्रॅप (पर्यायी नावे: ट्रॅप कॅमेरा, कॅमेरा सापळा) हा जंगलातील पायवाटेवर किंवा पाणवठ्यावर बसविलेला स्वयंचलित कॅमेरा होय. त्याच्यासमोरून प्राणी गेला की कोणाही माणसाच्या उपस्थितीशिवाय छायाचित्र टिपले जाते. वन्यप्राण्यांची गणना, वाघ-बिबट्यांची वैयक्तिक ओळख आणि संरक्षित क्षेत्रांवरील देखरेख यांसाठी महाराष्ट्र वन विभाग या साधनाचा नियमित वापर करतो. मराठवाड्यात वाघांची कायम वस्ती असलेला व्याघ्र प्रकल्प नाही. तरीही २०२१ मध्ये गौताळा औट्रमघाट आणि २०२४ मध्ये येडशी रामलिंगघाट या अभयारण्यांत मिळालेल्या छायाचित्रांमुळे येथील विखुरलेली वने विदर्भातील वाघांच्या वापरात असल्याचे सिद्ध झाले.

== कार्यपद्धती ==
कॅमेऱ्यातील संवेदक उष्णता आणि हालचाल या दोन्हींतील बदल ओळखतो. सभोवतालच्या तापमानापेक्षा वेगळ्या तापमानाचे शरीर समोरून सरकले की कॅमेरा सुरू होतो. रात्रीच्या छायाचित्रणासाठी अवरक्त किंवा पांढऱ्या प्रकाशझोताचा उपयोग करतात. छायाचित्रावर दिनांक व वेळ उमटत असल्याने प्राण्याच्या वावराच्या वेळाही समजतात.

वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे एकसारखे नसतात. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असे दोन कॅमेरे, साधारण माणसाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर, झाडाला किंवा खांबाला बांधले जातात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. बिबट्याचे ठिपके आणि तरसाचे पट्टे यांवरूनही विशिष्ट प्राणी ओळखता येतो. रोही, रानडुक्कर, अस्वल अशा प्राण्यांच्या अंगावर ओळखीची नक्षी नसते. त्यामुळे छायाचित्रांवरून त्यांचे अस्तित्व व वावर कळतो. मात्र एकाच प्राण्याचे छायाचित्र अनेकदा निघाले की अनेक प्राणी आले, हे सहज ठरविता येत नाही.

== भारतातील वापर ==
ब्रिटिश वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात शिवालिक टेकड्यांच्या परिसरातील वनांत, प्राण्याचा पाय तारेला लागताच उघडणाऱ्या कॅमेऱ्याने वाघांची रात्रीची छायाचित्रे घेतली. के. उल्हास कारंथ यांनी १९९०च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेरा ट्रॅपला संख्याशास्त्रीय पद्धतीची जोड दिली. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पातून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर केवळ पाऊलखुणांवर आधारलेली गणना बंद करण्यात आली आणि २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय अंदाजात कॅमेरा ट्रॅपला मध्यवर्ती स्थान मिळाले. २०१८च्या फेरीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसवून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे जमा करण्यात आली. या सर्वेक्षणाची गिनेस बुकात नोंद झाली. महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ होती.

== मराठवाड्यातील नोंदी ==
नांदेड जिल्ह्यातील भोकर, हिमायतनगर, किनवट व माहूर तालुक्यांत शुष्क पानझडी वने आहेत. पैनगंगा अभयारण्य नांदेड व यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातीलच टिपेश्वर अभयारण्यात वाघांचे प्रजनन होते. वयात येणारे नर वाघ स्वतःच्या हद्दीच्या शोधात तेथून बाहेर पडतात.

=== गौताळा औट्रमघाट ===
छत्रपती संभाजीनगर व जळगाव जिल्ह्यांतील या अभयारण्यात मार्च २०२१ मध्ये कॅमेऱ्याने वाघ टिपला. अनेक दशकांनंतर मिळालेली ही नोंद होती. पट्ट्यांची जुळणी केल्यावर तो टिपेश्वर येथील टी३सी१ हा नर असल्याचे निष्पन्न झाले. ही दोन अभयारण्ये सरळ रेषेत एकमेकांपासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहेत.

=== येडशी रामलिंगघाट ===
धाराशिव जिल्ह्यातील हे अभयारण्य अवघे सुमारे २२ चौरस किलोमीटर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये येथील कॅमेऱ्यात नर वाघ दिसला. तोही टिपेश्वरचाच असल्याचे पट्ट्यांवरून ठरले. धाराशिव जिल्हा आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुका या भागांत जनावरांवर हल्ले होऊ लागल्याने वाघाला पकडण्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा येथून पथक बोलाविण्यात आले. एवढे लहान वन प्रौढ नर वाघाला पुरत नाही आणि भोवताली शेती व वस्ती आहे. त्यामुळे वाघाच्या आगमनाबरोबर पशुपालकांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही उभा राहिला.

== महत्त्व ==
गळ्यात रेडिओ कॉलर असलेल्या प्राण्याचा संपूर्ण मार्ग कळतो. टिपेश्वर येथील टी१सी१ या वाघाने २०१९ मध्ये विदर्भ, मराठवाडा व तेलंगणातील भागांतून हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य गाठले, ही माहिती कॉलरमुळेच मिळाली. कॅमेरा ट्रॅपमुळे मात्र प्रवासातील सुटे बिंदू हाती येतात. परंतु कॉलर मोजक्याच प्राण्यांना लावता येते आणि कॅमेऱ्यासाठी प्राण्याला बेशुद्ध करावे लागत नाही. एका अभयारण्यातील छायाचित्र दुसरीकडील छायाचित्राशी जुळले, की दोन्हींमधील शेते, माळरान, ओढ्याकाठची झाडी आणि रस्ते ओलांडून प्राणी गेल्याचा पुरावा मिळतो. भ्रमणमार्ग निश्चित करताना आणि महामार्गांखाली प्राण्यांसाठी भुयारी मार्ग सुचविताना अशा नोंदी उपयोगी पडतात. गुरांवर हल्ला वाघाने केला की बिबट्या, लांडगा वा तरसाने, हे ठरविण्यासही छायाचित्रांची मदत होते. त्यामुळे अफवांना आळा बसतो.

== मर्यादा व आक्षेप ==
एखाद्या ठिकाणी छायाचित्र मिळाले नाही म्हणून तेथे प्राणी नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. कॅमेऱ्यांची चोरी, वारा व हलणाऱ्या गवतामुळे निघणारी रिकामी छायाचित्रे आणि उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीमुळे संवेदकाची मंदावणारी क्षमता या नित्याच्या अडचणी आहेत. वाघाचे नेमके ठिकाण उघड झाल्यास शिकारीचा व गर्दीचा धोका संभवतो.

सरपण, मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करणारे ग्रामस्थ आणि गुराखीही या कॅमेऱ्यांत टिपले जातात. उत्तराखंडमधील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील एका अभ्यासात, कॅमेऱ्यांमुळे वनात जाणाऱ्या स्त्रियांचा मोकळेपणा हरपतो, असे २०२४ मध्ये मांडण्यात आले. माणसांची छायाचित्रे कोणी पाहावीत, ती किती काळ ठेवावीत आणि कॅमेरे बसविण्यापूर्वी गावाला कळवावे काय, हे प्रश्न वस्तीलगतच्या वनांमध्ये विशेष महत्त्वाचे ठरतात.