लिनक्स कर्नलचे अद्ययावतीकरण आणि वायरलेस कार्डाचा प्रश्न : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासात यंत्रांची आणि कंपन्यांची नोंद होते, बिघाडांची सहसा होत नाही. लिनक्सचा कर्नल अद्ययावत केल्यावर वायरलेस कार्ड बंद पडणे हा असाच एक दुर्लक्षित बिघाड होय. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावी तो विशेष जाचक ठरतो. कारण दुरुस्तीची फाईल इंटरनेटवर असते आणि इंटरनेट त्या कार्डावरच अवलंबून असते.

पार्श्वभूमी :
लायनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. कर्नल व कार्ड यांच्यातील दुभाष्याचे काम ड्रायव्हर करतो. कर्नलची अंतर्गत रचना कायम ठेवण्याचे बंधन विकासकांनी कधीच स्वीकारले नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या धोरणाचे लेखी समर्थन केले असून ते कर्नलच्या दस्तऐवजांतच समाविष्ट आहे. कर्नलमध्ये सामील असलेला ड्रायव्हर त्याच्याबरोबर बदलत जातो. बाहेर राहिलेला ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा संकलित करावा लागतो. हे श्रम वाचविण्यासाठी डेल कंपनीने २००३ मध्ये डीकेएमएस ही व्यवस्था तयार केली.

ब्रॉडकॉमचे प्रकरण :
या धोरणाची खरी कसोटी ब्रॉडकॉमच्या कार्डांनी पाहिली. कंपनीने चिपची तांत्रिक माहिती खुली केली नव्हती. तेव्हा स्वयंसेवकांच्या एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरचे पृथक्करण करून केवळ वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. कायद्याच्या कचाट्यातून वाचण्याची ही शहाणी वाट होती. 'बीसीएम४३एक्सएक्स' हा ड्रायव्हर २००६ मध्ये २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला.

पुढे जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ आवृत्तीत त्याची जागा 'बी४३' ने घेतली. जुन्या ड्रायव्हरला तिसऱ्या श्रेणीचे फर्मवेअर चालत असे, 'बी४३' ला चौथ्या श्रेणीचे हवे होते. परवान्याअभावी ते लिनक्सबरोबर वाटता येत नव्हते. कंपनीच्या ड्रायव्हरमधून 'एफडब्ल्यूकटर' या साधनाने ते काढून घ्यावे लागे. परिणामी, आदल्या दिवशी सुरळीत चालणारे कार्ड अद्ययावतीकरणानंतर मूक झाले. येथे दोष एकट्या कंपनीवर ढकलणे न्याय्य नाही. विकासकांनीही सामान्य वापरकर्त्याच्या अडचणीपेक्षा रचनेच्या शुद्धतेला अधिक महत्त्व दिले, असे म्हणावे लागते.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने खुला ड्रायव्हर जाहीर केला. तथापि तो नव्या चिपपुरता होता, ४३११ व ४३१८ या जुन्या चिपना त्याचा लाभ झाला नाही.

उपायांचे स्वरूप :
या इतिहासातूनच निदानाचा क्रम ठरतो. प्रथम 'एलएसपीसीआय' आज्ञेने चिप ओळखावी, नंतर 'डीमेसग' मध्ये फर्मवेअर न सापडल्याची नोंद आहे काय ते पाहावे. ड्रायव्हर बाहेरचा असेल तर तो नव्या कर्नलसाठी संकलित झाला आहे किंवा नाही, हे तपासावे. बहुतेक वितरणांत जुना कर्नल संगणकावर राखून ठेवलेला असतो. ग्रबच्या यादीतून तो निवडला की कार्ड बहुधा पूर्ववत चालते आणि हवी ती फाईल उतरवून घेता येते. जुना कर्नल काढून टाकला असेल, तर मात्र मोबाईल फोन यूएसबी तारेने जोडणे किंवा दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राईव्हमध्ये फर्मवेअर आणणे, एवढेच मार्ग उरतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे मराठी पाठ ऑफलाइन वापरता येतील अशा स्वरूपात दिले, त्याचे महत्त्व अशा वेळी जाणवते.