घाटातला खेकडा

आमच्या हळर्णच्या किल्ल्याने एका परक्याला बिरुद दिले. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी हा किल्ला घेतला आणि त्यांचा व्हाइसरॉय ‘मार्क्विस द आलोर्ना’ झाला. गाव आमचे, मिरवणारा तो! नावांचा असाच व्यवहार पुढे सह्याद्रीच्या घाटात झाला. फक्त उलट्या दिशेने.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. मग बोरघाट व कसारा घाटाची पाळी आली. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. त्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने १९२८ पासून २६०० अश्वशक्तीची ४१ विद्युत इंजिने विलायतेहून आणली. पहिली दहा स्वित्झर्लंडमधील विंटरथूरची, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. मध्ये चालकाची खोली, दोहों बाजूंना लांब नाक, चाकांना जोडणारे दांडे आणि वळणावर वळावे म्हणून सांधलेले अंग. युरोपात अशा इंजिनाला ‘मगर’ म्हणत.

पहिल्याला गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले. रेल्वेच्या कामगारांनी मात्र साऱ्यांचेच बारसे केले : खेकडा!

१९९८ साली कोकण रेल्वे पेडण्यातून धावू लागली, २०२२ पर्यंत तिच्यावर तारा आल्या. खेकडे त्याआधीच निवृत्त झाले होते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात आणि वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ते पाहता येतात. पाट्यांवर साहेबाचे नाव राहिले, तोंडात खेकडा. आलोर्नाही पुस्तकात उरला. आम्ही हळर्णच म्हणतो.