शिवजन्मतिथीची पारख

विद्वानांच्या नियतकालिकांत हल्लीं अशी वहिवाट आहे कीं, आलेला लेख संपादकानें केवळ स्वतःच्या मतें न छापतां त्या विषयांतील दोघां-तिघां जाणत्यांकडे पाठवावा आणि त्यांच्या आक्षेपांचें निरसन झाल्यावरच तो स्वीकारावा. परीक्षकांचीं नांवें बहुधा गुप्त असतात. ही रीत पाश्चात्य खरी. परंतु तिचें मर्म आपल्याकडेहि पूर्वींच उमगलें होतें, हें जुन्नरच्या शिवनेरीशीं निगडित असलेल्या एका वादावरून दिसतें.

शिवछत्रपति शिवनेरीवर जन्मले याविषयीं दुमत नव्हतें. वाद होता तो तिथीचा. बखरींच्या आधारें शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, ही तिथि रूढ होती. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणलेली जेधे शकावली भारत इतिहास संशोधक मंडळानें छापली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. इंग्रजी गणनेनें ती १९ फेब्रुवारी १६३० येते.

टिळकांनीं पुढें केलेला कागद म्हणून विद्वानांनीं निमूटपणें मान तुकवावी काय? तसें झालें नाहीं. इ. स. १६१८ पासून १६९७ पर्यंतच्या नोंदींची ही शकावली कोणीं लिहिली, हातीं आलेली नक्कल किती विश्वसनीय, तिच्यांतील इतर नोंदी अन्य साधनांशीं जुळतात काय, असे प्रश्न उघड सभांतून व लेखांतून, नांवानिशीं विचारले गेले. पंचांगगणितानें तिथि आणि वार यांचा मेळ पाहिला गेला, तो बसला. पुढें १९२७ सालीं स. म. दिवेकरांनीं परमानंदकृत शिवभारत प्रसिद्ध केलें. महाराजांच्या हयातींतील या संस्कृत काव्यांतहि तीच तिथि मिळाली. राजस्थानांत सांपडलेल्या जन्मकुंडलीनेंहि तिलाच दुजोरा दिला.

एकटी शकावली कितीहि जुनी असली तरी ती एकच साक्ष. कारीच्या देशमुखांचा कागद, कवीचें काव्य आणि दूर देशींच्या ज्योतिषाची कुंडली हीं एकमेकांस न विचारतां एकच दिवस सांगूं लागलीं, तेव्हां नव्या तिथीचें पारडें जड झालें. तरीहि विरोधी मत मांडणारे पुष्कळ काळ राहिले, आणि त्यांच्यामुळेंच हा पुरावा अधिक कसून तपासला गेला.

आज शासन १९ फेब्रुवारीस जयंती पाळतें. अनेक जण ती तिथीप्रमाणें करतात. या उत्सवामागें आक्षेपकांचेहि श्रम आहेत. पूज्य पुरुषाच्या चरित्रांत शंका काढणें म्हणजे त्याचा अधिक्षेप, असें मानणाऱ्या समाजास त्याची खरी जन्मतिथिहि कळली नसती.