मुक्काम नेरळ

नरसिंहपूरला रेल्वे नाही. नीरा आणि भीमा इथं भेटतात, पण रूळ कुठूनच येत नाहीत. आम्ही गाडी धरायची ती कुर्डुवाडीला. म्हणूनच असेल, सहलीचा विषय निघाला की आमच्या घरात सगळ्यांना रेल्वेच हवी असते. गेल्या दिवाळीत धाकटीनं मोबाइलवर स्वित्झर्लंडच्या डोंगरगाड्या पाहिल्या आणि विचारलं, "अब्बा, आपल्याकडं असं काय आहे?"

माथेरानची गाडी आहे, मी म्हणालो. मग वाद सुरू झाला तो मुक्कामाचा. मुलाला थेट माथेरानवर राहायचं होतं. त्याच्या अम्मीचं मत लोणावळ्याला. मी नेरळ म्हणालो आणि दोघंही हसले. नेरळला कोण राहतं? तिथं तर लोक फक्त गाडी बदलतात!

माझं उत्तर सरळ होतं. आल्प्समध्ये फिरणारे लोकसुद्धा इंटरलाकेनसारखं गाव मुक्कामाला धरतात, कारण तिथून वेगवेगळ्या दिशांना गाड्या सुटतात. आपल्याकडं नेरळ तसं आहे. मोठी लाइन आणि दोन फुटी लाइन इथं भेटतात. लोकलनं पुढं कर्जत, कर्जतहून एक फाटा खोपोलीला, आणि मुख्य लाइन घाट चढून खंडाळा-लोणावळ्याला. माथेरानवर मुक्काम केला तर रोज खाली उतरण्यातच निम्मा दिवस जातो. शिवाय नेरळला खोली स्वस्त मिळते, मशीद जवळ असते आणि जेवणाची चिंता नसते.

पण मनात आणखी एक कारण होतं, आणि ते वर्गातलं होतं. मी उर्दू-मराठी शिकवतो, अधूनमधून इतिहासाचा तासही घेतो. मुस्लिम लीगची स्थापना, १९०६, ढाका, हे फळ्यावर लिहीत असताना एका मुलानं विचारलं, "सर, आपल्या लोकांनी नुसत्या पार्ट्याच काढल्या का? काही बांधलं नाही?" तो बादशहांच्या इमारतींबद्दल विचारत नव्हता. त्याला आपल्यासारख्या माणसांनी, आपल्या मुलखात बांधलेलं काहीतरी हवं होतं. त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही.

ते उत्तर नेरळच्या फलाटावर आहे. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले दाऊदी बोहरा व्यापारी. लष्कराला तंबू पुरवून मोठे झाले. चर्नी रोडचं सॅनेटोरियम त्यांच्याच नावाचं. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरलं आणि साहेबलोकांचं, मुंबईच्या श्रीमंतांचं थंड हवेचं ठिकाण झालं. पण नेरळपर्यंत आगगाडी आणि पुढं घोडा, डोली किंवा पायपीट, अशी स्थिती होती. आदमजींना एकदा नेरळला वर जायला वाहनच मिळालं नाही आणि तिथंच त्यांनी रेल्वे बांधायचं मनावर घेतलं, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, काम झालं ते त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हातून. १९०४ मध्ये सुरुवात झाली, १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये, तोही वडिलांच्या खिशातून.

स्वित्झर्लंडमध्ये १८७१ साली रिगी डोंगरावर गाडी चढली ती रुळांमधल्या दातेरी पट्टीला धरून. नेरळच्या लाइनला दाते नाहीत. विसाला एक असा चढ ती वळणं घेत घेत चढते, सुमारे वीस किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, मग माथेरान. या कामाचे सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव आमच्या भागाला परकं नाही. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच. म्हणजे ज्या कुर्डुवाडीला आम्ही गाडी धरतो, तिथून निघालेली छोटी गाडी आणि माथेरानची गाडी यांच्यामागं एकच डोकं होतं.

आणि गंमत पाहा. ज्या १९०७ मध्ये ही गाडी सुरू झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचं पहिलं वार्षिक अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते हेच सर आदमजी. लीग आमच्या धड्यात आहे, रेल्वे नाही. माणूस एकच, वर्ष एकच. एक गोष्ट मुलांना पाठ असते, दुसरी कुणी सांगतच नाही. लीगशी असलेलं त्यांचं नातं मी लपवणार नाही. पण माणसाचा हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा.

नेरळच्या मुक्कामात माझाही हिशेब थोडा बदलला. दुसऱ्या दिवशी आम्ही कर्जतहून बोरघाट चढून लोणावळ्याला गेलो. मुलं बोगदे मोजत होती. मी त्यांना सांगितलं, हा घाट १८६३ मध्ये खुला झाला, सदतिसाला एक असा चढ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथंच आजारानं गेले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढं नेलं. पण पटकी आणि तापानं हजारो मजूर मेले, त्यांची नावं कुणाकडंच नाहीत. पीरभॉयांचे पैसे होते, कॅलथ्रॉपचं डोकं होतं. माथेरानचा डोंगर फोडणारे हात कुणाचे होते?

संध्याकाळी नेरळच्या चहावाल्याला मी हेच विचारलं. त्यानं पीरभॉयांचं नाव ऐकलेलं होतं. मजुरांबद्दल म्हणाला, "इथलेच असणार की, गुरुजी. डोंगर चढायची सवय दुसऱ्या कुणाला?" मग त्यानंच भाई कोतवालांचा विषय काढला. माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेला हा वकील याच डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्यांसाठी झटला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडला. माथेरानवर उतरलो असतो तर पॉइंट पाहिले असते, ही गप्पा झाली नसती.

तिसऱ्या दिवशी एसटीनं आणि नंतर टमटमनं खांडसपर्यंत गेलो. ते भीमाशंकरच्या पायथ्याचं गाव. वर कड्याकडं बोट दाखवून मी धाकटीला म्हणालो, "आपल्या घरामागची भीमा तिथून निघते." ती बराच वेळ वर बघत राहिली.

सुट्टीनंतर वर्गात त्या मुलाला उभं केलं आणि सगळं सांगितलं. पीरभॉय, कॅलथ्रॉप, मजूर, कोतवाल. तो म्हणाला, "मग सर, ती गाडी आपली की सगळ्यांची?"

मी म्हणालो, तिकीट काढून बसून ये, मग तूच सांग. येत्या हिवाळ्यात दहा मुलांना घेऊन जाणार आहे, इन्शाअल्लाह. मुक्काम नेरळलाच.