वैयक्तिक संगणकाचा उदय : साधनाची मालकी आणि ज्ञानाची मालकी

प्रस्तावना

वैयक्तिक संगणकाचा इतिहास बहुधा काही यशस्वी कंपन्या आणि त्यांचे संस्थापक यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात या घडामोडींच्या मुळाशी दोन आदर्श होते. संगणक सामान्य माणसाच्या हाती यावा, हा पहिला. आणि त्याविषयीचे ज्ञान सर्वांना खुले असावे, हा दुसरा. या दोन आदर्शांमधील परस्परसंबंध व संघर्ष यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

१९६० च्या दशकात संगणक हे शासन, लष्कर, विद्यापीठे आणि मोठे उद्योग यांच्या मालकीचे, वातानुकूलित दालनात ठेवलेले यंत्र होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अनेक अमेरिकन तरुणांना ते सत्तेचे प्रतीक वाटे. तथापि ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माऊसच्या साहाय्याने पडद्यावर मजकूर संपादित करून दाखविला. संगणक मानवी बुद्धीची क्षमता वाढविणारे साधन होऊ शकतो, ही त्यामागील धारणा होती. १९७३ मध्ये ली फेल्सेन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कले येथील एका ध्वनिमुद्रिकांच्या दुकानात टर्मिनल ठेवून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना खुले केले. १९७४ मध्ये टेड नेल्सन यांनी 'कॉम्प्युटर लिब' या ग्रंथातून संगणकज्ञान सर्वांनी मिळविले पाहिजे, असा आग्रह धरला.

होमब्रू क्लब

जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाने 'अल्टेअर ८८००' हा सुट्या भागांतून घरी जोडता येणारा संगणक प्रसिद्धीस आणला. त्याला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. मूळ स्मृती केवळ २५६ बाइट होती. तरीही तो व्यक्तीच्या मालकीचा होता, हे महत्त्वाचे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली सभा भरली. येथे माहितीची देवाणघेवाण हाच शिष्टाचार होता. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे सभासदांना विनामूल्य वाटले. पुढे तोच संगणक 'अॅपल-१' म्हणून विकला गेला.

संघर्षाचा प्रारंभ

बिल गेट्स व पॉल अॅलन यांच्या कंपनीने अल्टेअरसाठी तयार केलेल्या 'बेसिक'ची कागदी फीत क्लबच्या सभासदांनी नकलून वाटली. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी संगणककारांना खुले पत्र लिहिले. यंत्राची किंमत लोक देतात, मग सॉफ्टवेअर फुकट का समजतात आणि मोबदल्याविना व्यावसायिक दर्जाचे काम कोण करील, हा त्यांचा प्रश्न होता. तो गैरवाजवी नव्हता. हौशी मंडळींचे उत्तरही विधायक होते. 'टायनी बेसिक' या छोट्या भाषेचा आराखडा त्यांनी या पत्राआधीच छापून खुला केला होता. टॉम पिटमन यांनी आपली आवृत्ती अवघ्या ५ डॉलरला विकली. श्रमाचे मोल आणि ज्ञानाचा मोकळेपणा यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न होता.

१९७७ च्या 'अॅपल-२' मध्येही या वृत्तीचा अंश दिसतो. त्याचे झाकण सहज उघडे, आत विस्तारासाठी ८ खाचा होत्या आणि १९७८ च्या माहितीपुस्तकात विद्युत् आराखडाही छापलेला होता. याउलट १९८४ चा 'मॅकिंटॉश' वापरण्यास सोपा, परंतु ग्राहकाने उघडू नये अशाच बेताने बांधलेला होता.

समारोप

पहिला आदर्श बाजारपेठेने कल्पनेपलीकडे सफल केला. मात्र या सफलतेबरोबरच दुसरा आदर्श मागे पडत गेला. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाने तो पुन्हा ऐरणीवर आणला. साधन हाती येणे आणि साधनावर अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्या अंतरंगात डोकावता येत नाही, अशा यंत्राचा मालक हा अखेर केवळ त्याचा वापरकर्ताच राहतो. संगणकशिक्षण म्हणजे केवळ वापराचे प्रशिक्षण नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय.