अवकाश आणि सेना : एका जोडशब्दाचा इतिहास

'अवकाश' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रुळला आहे. 'पाहुणे यायला अजून अवकाश आहे' असे आपण म्हणतो तेव्हा तो काळाविषयी असतो. 'अवकाशयान' म्हणतो तेव्हा स्थळाविषयी. दोहोंच्या मुळाशी मोकळीक ही एकच कल्पना आहे. 'सेना' या शब्दाचा स्वभाव याच्या नेमका उलट. सेना जागा व्यापते, अडवते, राखते. २० डिसेंबर २०१९ रोजी अमेरिकेने भूदल, नौदल, वायुदल यांच्या पंक्तीला बसणारे स्वतंत्र अवकाशदल कायद्याने उभे केले, तेव्हा हे दोन परस्परविरोधी शब्द एकमेकांना कायमचे जोडले गेले. या जोडशब्दामागे कोणती वस्तुस्थिती आहे आणि किती कल्पनाविलास आहे, हे तपासण्याचा प्रयत्न आम्ही येथे करणार आहोत. आम्ही युद्धशास्त्राचे जाणकार नव्हे. परंतु या विषयात रूपकांनी फार मोठे काम केले आहे, आणि रूपकाची पारख करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे कामच आहे.

पहिले आणि सर्वांत बलवान रूपक उंचीचे. अमेरिकी लष्करी लेखनात अवकाशाचा उल्लेख 'सर्वोच्च उंचवटा' असा वारंवार येतो. मराठी वाचकाला हे रूपक समजावून सांगावे लागत नाही. गडकोटांच्या आधारे राज्य उभे राहिलेले आपण पाहिले आहे, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे महत्त्व केवढ्या विस्ताराने मांडले आहे हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. उंचावर बसलेल्याला लांबचे दिसते, खालून येणाऱ्याला चढावे लागते, म्हणून उंची हे बळ. हे तर्कशास्त्र सह्याद्रीत खरे होते. कक्षेत ते निम्मेच खरे आहे.

गड जागचा हलत नाही. उपग्रहाला मात्र स्थिर राहण्याची मुभाच नाही. पृथ्वीपासून काही शे किलोमीटर उंचीवरील उपग्रह सेकंदाला सुमारे साडेसात ते आठ किलोमीटर वेगाने धावतो आणि साधारण दीड तासात पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. त्याचा मार्ग आधीच गणिताने सांगता येतो, म्हणजे शत्रूला त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक ठाऊक असते. एकाच ठिकाणी टांगल्यासारखा दिसणारा उपग्रह हवा असेल तर विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर जावे लागते. आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली दळणवळणासाठी सुचवलेली ती हीच कक्षा. अशा जागी तटबंदी नसते, दरवाजे नसतात, आणि कोणाला येऊ न देण्याची सोयही नसते. उंचीचे एकच सुख तेथे पूर्णपणे मिळते, ते म्हणजे पाहण्याचे.

इतिहासही हेच सांगतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने सोडलेला स्पुतनिक ८३.६ किलो वजनाचा निरुपद्रवी गोळा होता, पण ज्या रॉकेटने तो वर गेला ते आंतरखंडीय क्षेपणास्त्र होते. म्हणजे अवकाशयुग लष्कराच्या खांद्यावर बसूनच आले. 'पूर्वी अवकाश शांततेचे होते, आता त्यात लष्कर शिरले' हे आपल्याकडे नेहमी ऐकू येणारे विधान म्हणूनच टिकत नाही. प्रश्न लष्कर तेथे आहे की नाही हा नसून ते तेथे काय करते हा आहे.

अमेरिकेच्या 'कोरोना' योजनेचे उदाहरण घेऊ. सलग अपयशांनंतर ऑगस्ट १९६० मध्ये या हेरउपग्रहाने टाकलेली छायाचित्रांच्या फिल्मची कुपी विमानाने हवेतल्या हवेत झेलली. त्या एका फेरीत सोव्हिएत भूमीचा जेवढा भाग टिपला गेला, तेवढा यू-२ विमानांच्या आधीच्या साऱ्या उड्डाणांनी मिळूनही टिपला नव्हता. याचा परिणाम विलक्षण झाला. रशियाकडे शेकडो आंतरखंडीय क्षेपणास्त्रे असतील या भीतीने अमेरिकेचे राजकारण तेव्हा ढवळून निघाले होते. सप्टेंबर १९६१ च्या गुप्त अहवालात तो आकडा १० ते २५ इतका खाली आला. १९७२ च्या शस्त्रमर्यादा करारांत तर दोन्ही महासत्तांनी एकमेकांच्या पडताळणीच्या 'राष्ट्रीय तांत्रिक साधनां'त अडथळा आणणार नाही असे मान्य केले. त्या कोरड्या शब्दप्रयोगाचा मुख्य अर्थ हेरउपग्रह हाच होता. शत्रूच्या डोळ्यांना हात लावायचा नाही, कारण तो पाहू शकला तरच घाबरून चुकीचे पाऊल टाकणार नाही, असा हा समंजस व्यवहार होता. अवकाशाच्या लष्करी वापराने शांततेला हातभार लावला असे म्हणण्यासारखा याहून चांगला दाखला आम्हांला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. पाहण्याऐवजी मारण्यासाठी अवकाश वापरण्याचे प्रयत्नही तितकेच जुने आहेत आणि त्यांचा इतिहास बहुतांशी फजितीचा आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा अणुस्फोट केला. शेकडो मैल दूर असलेल्या हवाई बेटांवरील रस्त्यांचे काही दिवे विझले. स्फोटातून पृथ्वीभोवती अडकून राहिलेल्या किरणोत्साराने अनेक उपग्रहांना इजा केली. त्यांत मित्रराष्ट्र ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ होता आणि स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी सोडलेला अमेरिकेचा स्वतःचा टेलस्टारही होता. अवकाशात शस्त्र चालवले तर ते शत्रू-मित्र पाहत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला. १९६७ च्या अवकाश करारात कक्षेत अण्वस्त्रे ठेवण्यावर बंदी आली त्यामागे या अनुभवाचाही वाटा होता असे मानण्यास जागा आहे. मात्र त्या कराराने अण्वस्त्रे आणि सामूहिक संहाराची शस्त्रेच रोखली. साध्या शस्त्रांविषयी कक्षेपुरते तो मौन पाळतो, आणि आजचे सारे वाद त्या मौनात वाढले आहेत.

सैनिकांना अवकाशात नेऊन ठेवण्याचे बेतही झाले. अमेरिकी वायुदलाची मानवी प्रयोगशाळा १९६३ मध्ये जाहीर झाली आणि एकही सैनिक वर न जाता १९६९ मध्ये गुंडाळली गेली. जे टिपायचे ते मानवरहित उपग्रह स्वस्तात टिपू लागले होते. सोव्हिएतांनी मात्र आपली लष्करी स्थानके प्रत्यक्ष उडवली. १९७४ च्या सॅल्यूत-३ वर तर तोफ बसवली होती. नेम धरायचा तर अख्खे स्थानकच वळवावे लागे, आणि ती चालवून पाहिली तीसुद्धा १९७५ च्या जानेवारीत, स्थानकात कोणी नसताना. कादंबरीकाराला मोहवील असे हे दृश्य खरे. पण युद्धसामग्री म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य होती.

येथे साहित्याचा धागा पुन्हा हाती येतो. २३ मार्च १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी क्षेपणास्त्रांपासून बचावाची भव्य योजना जाहीर केली, तेव्हा टीकाकारांनी तिला १९७७ च्या चित्रपटाचे, 'स्टार वॉर्स'चे, नाव चिकटवले. गंमत अशी की जे नाव हिणवण्यासाठी दिले तेच लोकांच्या कल्पनेत योजनेला बळ देऊन गेले. विज्ञानकथाकारांतही फूट पडली : जेरी पुर्नेल आणि लॅरी निव्हन योजनेच्या बाजूने उभे राहिले, तर क्लार्क यांनी तिला विरोध केला. अण्वस्त्रांना निष्प्रभ करणारे ते छत्र कधीच उभे राहिले नाही. परंतु 'अवकाशातील योद्धा' ही प्रतिमा उरली आणि तिने पुढच्या चर्चेची भाषा ठरवली. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकी अवकाशदलाने आपल्या सैनिकांना 'गार्डियन', म्हणजे रक्षक, हे नाव दिले. त्याच वर्षी या दलाची थट्टा करणारी एक विनोदी दूरचित्रवाणी मालिकाही आली.

थट्टा सोपी आहे. पण स्वतंत्र दलाच्या समर्थकांचा युक्तिवाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही. १९९१ च्या आखाती युद्धापासून सैन्याचे मार्गदर्शन, संदेशवहन, हवामान, क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना हे सारे उपग्रहांवर विसंबू लागले. जीपीएसचे संकेत तर नागरी जीवनातही शिरले. बँकांचे व्यवहार, वीजपुरवठा, दूरध्वनी यांना लागणारी अचूक वेळ त्यांतून मिळते. एवढी मौल्यवान मालमत्ता वायुदलाच्या एका कोपऱ्यात ठेवली तर विमानांपुढे तिच्याकडे दुर्लक्षच होणार, अशी तक्रार २००१ मध्ये रम्सफेल्ड आयोगाने केली होती. १ एप्रिल १९१८ रोजी ब्रिटनने आपले वायुदल भूदल आणि नौदलापासून वेगळे केले, तेव्हाही असाच वाद झाला होता. आज्ञापत्र आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानते, त्यामागची दृष्टीही हीच : ज्या कामाला वेगळी विद्या लागते त्याला वेगळी माणसे, वेगळा पैसा आणि वेगळा धनी लागतो. हा युक्तिवाद आम्हांला पटतो.

मात्र तो जेवढे सिद्ध करतो तेवढेच सिद्ध करतो. त्यातून तज्ज्ञ मनुष्यबळाची गरज दिसते, अवकाशात लढणाऱ्या सेनेची नव्हे. रशियाचा अनुभव येथे बोलका आहे. त्याने १९९२ मध्ये स्वतंत्र अवकाशदल केले, १९९७ मध्ये ते क्षेपणास्त्रदलात विलीन केले, २००१ मध्ये पुन्हा वेगळे काढले, २०११ मध्ये हवाई संरक्षणाशी जोडले आणि २०१५ मध्ये वायुदलाशी एकत्र केले. चीननेही २०१५ च्या अखेरीस उभारलेले सामरिक साहाय्य दल २०२४ मध्ये मोडून अवकाश, सायबर आणि माहिती अशी वेगळी दले केली. ज्या संस्थेचे घर इतक्या वेळा बदलते, तिचे काम काय हे तिच्या धन्यांनाही नीट उमगलेले नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

शिवाय प्रत्यक्ष युद्ध आले तेव्हा ते कोठून आले? २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाच्या सुरुवातीलाच व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहसेवेवर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला धक्काही लागला नाही. निकामी झाले ते जमिनीवरचे हजारो मोडेम, आणि जर्मनीतील हजारो पवनचक्क्यांशी असलेला दूरसंपर्कही तुटला. युक्रेनची गरज मग एका खासगी कंपनीच्या असंख्य लहान उपग्रहांनी भागवली. तोफ, योद्धा, गड यांपैकी एकही प्रतिमा या प्रसंगाला लागू पडत नाही.

याउलट उपग्रह प्रत्यक्ष फोडण्याच्या चाचण्यांनी काय साधले? जानेवारी २००७ मध्ये चीनने सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवरचा आपलाच जुना हवामान उपग्रह उडवला. मागोवा घेता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले आणि त्यांतील बरेच आजही फिरत आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने तसेच केले, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्थानकातील अंतराळवीरांना, ज्यांत रशियाचे स्वतःचेही होते, परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. २७ मार्च २०१९ च्या 'मिशन शक्ती'त भारताने तुलनेने बरीच खालची, सुमारे ३०० किलोमीटरची कक्षा निवडली, आणि त्यामुळे बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. तरी काही अधिक उंचीवर फेकले गेले आणि दीर्घकाळ फिरत राहिले. जो गड जिंकताना आपलीही वाट सुरुंगांनी भरते, तो जिंकण्यात शहाणपण कोणते?

म्हणून आमचे मत असे की अवकाशदलांना भवितव्य आहे, पण ते पहारेकऱ्याचे, घड्याळजीचे आणि टपालवाल्याचे आहे, शिलेदाराचे नाही. त्यांचा उपयोग मोजायचा तो किती उपग्रह पाडता येतात यावर नव्हे, तर आपला एखादा उपग्रह गेला तरी देशाचे काम किती सुरळीत चालते आणि कक्षेत काय चालले आहे हे किती स्पष्ट दिसते, यावर. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल २००९ मध्ये, भारताने ढगांतून आणि अंधारातून पाहू शकणारा रिसॅट-२ हा रडार उपग्रह सोडला. त्याची उपयुक्तता समजण्यासाठी कोणत्याही युद्धरूपकाची गरज पडत नाही.

२०१९ मध्ये भारताने जी यंत्रणा उभी केली तिला सेना म्हटले नाही. तिन्ही दलांतील माणसे घेऊन बंगळुरूला स्थापन झालेली ती 'संरक्षण अवकाश संस्था' आहे. हे नाव कदाचित केवळ प्रशासकीय सावधगिरीतून आले असेल, आणि उद्या ते बदलेलही. तूर्त मात्र या नावात 'अवकाश' या शब्दाला थोडी मोकळीक शिल्लक आहे, आणि ती टिकावी असे आम्हांला वाटते.